दुसऱ्याच्या नाण्याचा उजेड

संताचा डावा हात पुस्तकावर टेकलेला होता, आणि त्याच्या वीतभर वर आणखी एक हात होता. पहिल्या नजरेत तो दिसत नसे. झग्याच्या निळ्या रंगातून पाच बोटांची फिकट सावली वर आली होती. तळहात उघडा, कुणाकडे काही मागताना धरावा तसा. चित्रकारानं आधी तो हात काढला असणार, मग त्याचं मन बदललं असणार आणि त्यानं त्यावर झगा रंगवून टाकला असणार. तेलरंग जसजसा जुना होतो तसतसा पारदर्शक होत जातो. चारशे वर्षांनी झाकलेलं पुन्हा वर येऊ लागतं. अंगठा कुठे आहे ते पाहायला निवेस अर्धं पाऊल पुढे सरकली.

खट् आवाज झाला आणि दिवा विझला.

"गेला," अंधारात मिरेल्ला म्हणाली. "एकच नाणं टाकून गेला कंजूष."

"मग तू टाक की," दोरीना म्हणाली.

"मी? इतकी वर्षं टाकलं नाही ते आज टाकू? थांब गं, जर्मन पर्यटक येतील."

हा मिरेल्लाचा जुना नियम होता. तिघी व्हर्चेल्लीच्या इस्पितळात नव्या नव्या लागल्या तेव्हापासूनचा. मिरेल्ला वॉर्डात, दोरीना स्वयंपाकघरात आणि निवेस एक्स-रेच्या खोलीत. पगार होण्याआधीच संपलेला असायचा, पण शरद ऋतूत चार दिवस कुठलं तरी जुनं शहर पाहायचंच. चर्चमधल्या चित्रावर दिवा लागायला पेटीत नाणं टाकावं लागतं. मिरेल्ला म्हणायची, आपण खांबाआड उभं राहायचं. कुणीतरी परका येतोच, नाणं टाकतोच, की आपण पुढे. पुढे पगार वाढले, पेन्शनी सुरू झाल्या, दोरीनाचा नवरा गेला, तरी नियम राहिला. तो आता कंजूषपणा नव्हता, त्या तिघींचा खेळ होता. फक्त निवेसच्या कधीतरी मनात येई, की आपण एवढी चित्रं पाहिली ती सगळी दुसऱ्याच्या नाण्याच्या उजेडात. तो माणूस कंटाळला की आपलं पाहणं संपलं.

जर्मन आले नाहीत. चर्चची देखरेख करणारा सॅक्रिस्टन किल्ल्या वाजवू लागला; चर्च आता जेवणानंतर उघडणार होतं. तिघी बाहेर आल्या. यंदाचं शहर फेर्रारा; त्यावर सकाळपासून धुकं होतं, आणि सायकलवाले आधी घंटीतून ऐकू येत, मग दिसत.

खानावळीत भोपळा भरलेला पास्ता, काप्पेलाच्ची, येईपर्यंत एल्वियोचा फोन आला. हा निवेसचा धाकटा भाऊ. आईवडिलांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघं राहत. त्यानं लग्न केलं नाही, तिनंही नाही. निघण्यापूर्वी तिनं पानिस्सा करून ठेवली होती. त्यांच्याकडचा तो घेवड्याचा भात डब्यांत भरून, वर वार लिहून, फ्रीजरमध्ये. आज शनिवार, तर शनिवारचाच डबा खायचा की गुरुवारचा राहिलेला आधी संपवायचा, असं एल्वियो विचारत होता. ती म्हणाली, गुरुवारचा. फोन ठेवला तेव्हा मिरेल्ला तिच्याकडे पाहत होती.

"त्या बाईला काय सांगणार आहेस?"

ती बाई म्हणजे आदल्या दिवशीची. गल्लीतल्या एका दारावर 'खोली भाड्याने' असा कागद होता. निवेस तो वाचत उभी राहिली, नको इतका वेळ, आणि मिरेल्लानं काही न विचारता घंटी दाबली. खोली लहान होती, खिडकीत टेबल, खाली अंगणात तेंदूसारख्या फळांचं एक झाड. पानं गळून गेलेली आणि काळ्या फांद्यांवर नुसती केशरी फळं. घरमालकीण म्हणाली होती, उद्या रात्रीपर्यंत कळवा, एक मुलगी विचारून गेली आहे.

इथल्या विद्यापीठात चित्रकलेचा इतिहास शिकायला वयाची अट नव्हती. निवेस हे निवृत्त झाल्या दिवसापासून जाणून होती. पहिल्या वर्षी तिनं अर्ज आणवला. त्यानंतर दर वर्षी ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. यंदाची मुदत या महिन्याअखेर संपत होती.

"सांगेन," निवेस म्हणाली.

"म्हणजे पुढच्या वर्षी," मिरेल्ला म्हणाली. "पुढच्या वर्षी तूच एक्स-रेच्या टेबलावर आडवी असशील आणि दुसरी कुणी म्हणेल, श्वास रोखा."

दोरीनानं काटा खाली ठेवला. "आणि एल्वियोचं काय? त्याला अंडं उकडता येत नाही."

"जन्मभर रेल्वेचे सिग्नल सांभाळले त्यानं. पाणी उकळलेलं कळेल."

"तू चेष्टा कर. एकट्यानं जेवणारं माणूस तू पाहिलं नाहीस, मिरेल्ला. मी रोज पाहते. ताटलीसमोर आरसा आहे माझ्या."

मिरेल्लानं दोरीनाच्या पेल्यात वाईन ओतली.

निवेसला दोघींचंही पटत होतं, आणि तेच अवघड होतं. एल्वियो जुलमी असता तर सोपं गेलं असतं. त्यानं तिला कधी अडवलं नव्हतं. हिवाळ्यात रोज रात्री तो संत्रं सोलायचा, साल एका लांब नागमोडी पट्टीत न तुटता उतरवायचा, आणि अर्ध्या फोडी न विचारता तिच्या ताटलीच्या कडेला ठेवायचा. आई गेली त्या हिवाळ्यापासून. तेवढंच.

जेवण झाल्यावर मैत्रिणी हॉटेलात पाय वर करून पडल्या. निवेस म्हणाली, जरा पाव आणते, आणि सरळ चर्चमध्ये गेली.

आत कुणी नव्हतं. ती सवयीनं खांबापाशी थांबली.

अंधाराचा तिला त्रास नव्हता. उमेदीची वर्षं एक्स-रेच्या फिल्म धुण्याच्या डार्करूममध्ये गेली होती. वडील भाताच्या गिरणीत कामाला. मुलीला चित्रकलेच्या शाळेत जायचंय हे ऐकल्यावर ते रागावले नव्हते, नुसते म्हणाले होते, चित्रानं ताटली भरत नाही, यंत्रानं भरते. ती यंत्राकडे गेली आणि तिला यंत्र आवडलंही. मग एका रविवारी जवळच्या गावचा पाद्री आणि एक चित्रं दुरुस्त करणारी बाई चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन इस्पितळात आले. त्याचा एक्स-रे हवा होता. शिशाचा पांढरा रंग किरण अडवतो, म्हणून जिथे तो असतो तिथे फिल्म उजळ राहते, मग वरून कितीही रंग चढवलेले असोत. औषधाच्या पाण्यात फिल्म हलवताना निवेसच्या हाताखाली एक चेहरा उमटला होता. वरच्या चित्रात साध्वी खाली पाहत होती. आतली समोर पाहत होती. रुग्णांना तिनं हजारदा सांगितलं होतं, मी काही सांगू शकत नाही, डॉक्टर सांगतील. त्या दिवशी चित्रवाल्या बाईनं तिला विचारलं, तुम्हाला काय दिसतं? असं तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

बाहेरून पावलं आली आणि पुढे निघून गेली. आत कुणी आलं नाही.

निवेसनं कोटाच्या खिशात हात घातला. नाणं कॉफीच्या सुट्ट्यातलं होतं. पेटीची फट अंधारात दिसेना, बोटानं चाचपून सापडली. नाणं आत घरंगळत गेल्याचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा झाला.

निळा झगा उजळला. ती अगदी जवळ गेली. अंगठा होता. सकाळी जिथे शोधला त्याच्या वर, पूर्ण ताणलेला. तो हात काही मागणाऱ्याचा नव्हताच. निरोप घेणाऱ्याचा होता.

खिशात फोन थरथरला. एल्वियो.

"अगं, घेवडा भिजवायचा किती वेळ?" तो म्हणाला.

"कशाला? रविवारचा डबा आहे ना?"

"आहे की. पण म्हटलं, एकदा करून बघावं. भातात घालायला सलामी सॉसेज आणलंय. दुकानदार म्हणाला, तुमच्या बहिणीला विचारा."

"रात्रभर," ती हळू आवाजात म्हणाली. "गार पाण्यात. मीठ शेवटी घाल."

"मीठ शेवटी," त्यानं पाठ केल्यासारखं म्हटलं. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक तिला फोनमधून ऐकू येत होती. "संत्री आलीत बाजारात. पहिलीच. नेहमीच्या निम्मीच आणली मी."

"निम्मी का?"

"अशीच," एल्वियो म्हणाला. "उगाच सुकून जातात."

निवेसनं चित्राकडे पाहिलं. तिनं त्याला खोलीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. पण निवृत्तीनंतरची सहा वर्षं दर शरदात ती प्रवासाहून परत आली की बॅग तशीच भरलेली दोन दिवस पलंगाशी ठेवत असे, आणि त्या घरात पाहणारी ती एकटीच नव्हती.

खट् झालं. दिवा विझला. झगा, पुस्तक, दोन्ही हात अंधारात गेले. तिनं दुसरं नाणं शोधलं नाही.

"निवेस? आहेस का?"

"आहे," ती म्हणाली. "एल्वियो, घेवडा नीट शिकून घे. उद्या दोरीनाच्या गाडीत मी नसेन. मी इथं खोली घेतेय. इथंच शिकणार आहे."