सोळा सेकंदांचे आबा

नळानं फुस्स केलं.

दुपारची वेळ, माझी लेक मुक्ता नुकतीच डोळे मिटून पडलेली, घर चिडीचूप. त्या फुस्सनं सगळी कॉलनी जागी झाली. आमच्याकडं पाणी आठव्या दिवशी येतं आणि त्याआधी नळातून हवा येते. शेजारच्या चंपाबाई तर झोपेतून उठतात त्या हातात बादली घेऊनच.

माझे दीर शिवशंकर लॅपटॉप तसाच उघडा टाकून खाली मोटार लावायला पळाले. लेकराची लाथ लागायला नको म्हणून मी तो उचलायला गेले, आणि पडद्यावर बघते तर लाल माळरान, लांब क्षितिजाशी मेंढ्यांचा ठिपका-ठिपका कळप, अन् त्यांच्यामागं एक माणूस, पाऊल अर्धं उचललेला.

मी बटण दाबलं. माणूस चालायला लागला. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. जन्मभर त्याच बाजूच्या झोळीत कोकरू वाहिलेला खांदा.

तो माझा बाप होता.

आता भाऊजींच्या धंद्याबद्दल सांगायला पाहिजे. ‘ग्रह ४१’ नावाचा एक सिनेमा आहे. त्यात पृथ्वी आटते आणि नायक पाणी शोधत दुसऱ्या ग्रहावर जातो. तिथं जीव म्हणून नाही. पण एकदा, फक्त सोळा सेकंद, त्याला लांबवर एक मेंढपाळ दिसतो. मेंढपाळ चालता चालता थांबतो, चपला काढून हातात घेतो, काहीच नसलेल्या जागेला गोल वळसा घालतो, पुन्हा चपला घालतो आणि जातो. पुढं सिनेमाभर त्याचा उल्लेख नाही. दिग्दर्शकाला विचारलं की ते गूढ हसतात आणि म्हणतात, प्रेक्षकांनी ठरवावं. मला वाटतं, सिनेमा लागेपर्यंत त्यांनाही तो दिसला नसणार.

प्रेक्षकांनी मात्र ठरवायचं मनावर घेतलं. कुणी म्हणतं, मेंढपाळ म्हणजे म्हातारा झालेला नायकच, काळ उलटा फिरलाय. कुणी म्हणतं, तिथं अदृश्य भिंत आहे. चपला काढल्या कारण त्या जागी गुरुत्वाकर्षण कमी. एकानं मेंढ्या मोजल्या, सत्तावीस भरल्या, म्हणून ती सत्तावीस नक्षत्रं. ह्या सगळ्यावर भाऊजींचं चॅनल चालतं. इंजिनिअरिंगचे तीन विषय राहिलेत, पण परग्रहावरच्या चपलांवर ते पंचवीस मिनिटं न थांबता बोलतात.

भाऊजी घामाघूम होऊन वर आले. “नुसती हवा, वहिनी. चंपाबाई म्हणतात मेन लाइन फुटली. वरचे काका म्हणतात, लाइनमनला पलीकडच्या गल्लीनं भजी खाऊ घातली.”

“तुम्ही काय म्हणता? तिथंपण अदृश्य भिंत का?”

“तुम्ही हसा.”

“हसत नाय. भाऊजी, हे आबा आहेत.”

“कोण आबा?”

“माझे. सोनाजी. तुमच्या दादाचे सासरे.”

ते पडद्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. “वहिनी, ह्या माणसावर अमेरिकेतल्या लोकांनी चाळीस-चाळीस पानं लिहिलीत.”

“मग त्यांना कळवा, तो परग्रहावरचा नाय, फुलंब्रीकडचा आहे.”

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आमच्या गावचा तलाव पार आटला होता. शहरात बिल्डिंगी उठत होत्या, टँकर तिकडं पळायचे, आणि आमच्याकडं तलावाच्या भेगाळलेल्या तळात सिनेमावाल्यांनी ट्रकनं लाल माती आणून टाकली होती. मी तेव्हा मामाकडं सिडकोत राहून बी.ए. करत होते. शूटिंग झाल्याचं कानावर आलं, तेवढंच. आबा त्यात चालले हे मला कुणी सांगितलं नाही, आणि तो सिनेमा बघायला आमच्यातलं गेलं कोण? दोन वर्षांनी आबा गेले. मागं फोटो एकच राहिला, आधार कार्डावरचा, मोठा करून भिंतीला लावलेला. कुणी दम देऊन बसवल्यासारखा चेहरा. मुक्ता त्या भिंतीकडं पाठ करून जेवते. आजोबा म्हणजे तिच्या लेखी तेवढेच. मला तिला चालणारे आबा द्यायचे होते, आणि ते आबाच आहेत असं माझ्याशिवाय कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मी आईला फोन लावला, स्पीकरवर.

“व्हय, गेले होते की,” आई म्हणाली. “शिनेमावाल्यांनी हाकललं म्हणं. घरी आले तं तळपायाला हे फोड.”

“चपला का काढल्या होत्या?”

“आता काय सांगावं! जुनं गाव तिथंच तलावात बुडालं ना. बिरोबाचं ठाणं होतं तिथं. गाव उठलं तव्हा देव वर आणला, पर तुझे आबा म्हणायचे, देव उचलता येतो, ठाणं नाय उचलता येत. चप्पल घालून कसं जातील?”

फोन ठेवला. मी भाऊजींकडं बघितलं.

“मावशींची थिअरी भारी आहे,” ते म्हणाले.

“थिअरी?”

“वहिनी, खरं असंल. मी नाय म्हणतच नाय. पण खऱ्याला बघणारं कोण आहे? मेंढपाळ मेंढपाळच निघाला तर गूढ संपलं. पार्ट टू येतोय पुढच्या महिन्यात.”

मग मुक्ता झोपली की थोडं थोडं करून चार दुपारी मी भाऊजींच्या त्या चपलांवरच्या व्हिडिओखाली सगळं लिहिलं. गावाचं नाव, तलाव, लाल माती, बिरोबा, खांदा. मेंढ्या सत्तावीस नाहीत, अठ्ठावीस. एक लंगडी मागं राहायची, तिच्यासाठीच ते कळपाच्या मागं चालतात. शेवटी लिहिलं, हे माझे वडील आहेत. पाठवलं. पुसून पुन्हा पाठवलं.

उत्तरं लगेच आली.

‘छान अँगल ताई, पण पुरावा?’

‘देवळाला प्रदक्षिणा समजू शकतो. पण देऊळ कुठाय? लॉजिक लावा.’

‘माझे आजोबाही दोन नंबरच्या सीनमध्ये खडक आहेत.’ ह्याला चारशे लोक हसले.

एकानं मात्र फार मनापासून लिहिलं: ‘अठ्ठाविसावी मेंढी! म्हणजे अभिजित नक्षत्र! ताई, तुम्ही कोडं सोडवलंत!’

आठवड्यानं भाऊजींचा नवा व्हिडिओ आला, ‘मेंढपाळाच्या दहा थिअऱ्या’. मी स्वयंपाकघरात उभी राहून बघितला. आबा नवव्या नंबरवर होते. ‘एका गृहिणीची भावनिक थिअरी,’ भाऊजी म्हणाले आणि मागं सनई वाजली. आठव्या नंबरवर, हा सगळा सिनेमा म्हणजे यानातल्या कुत्र्याला पडलेलं स्वप्न आहे, अशी थिअरी होती. माझा बाप कुत्र्याच्या स्वप्नापेक्षा एक पायरी खाली.

संध्याकाळी भाऊजी चहाला आले, जरा मान खाली घालून. “दहावा ठेवणार होतो. भांडून नववा केला.”

“कुणाशी भांडलात? चॅनल तर तुमचंच आहे.”

मी त्यांच्या चहात साखर घातली नाही. तेवढं माझ्या हातात होतं. त्यांनी तो तसाच प्यायला, आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. “तेवढा तुकडा कापून, मोठा करून वेगळा ठेवलाय. थिअरी-बिअरी काय नाय त्यात. तुमच्यासाठी.”

मी मुक्ताला मांडीवर घेतलं. “हे बघ, हे तुझे आबा.”

तिनं भिंतीकडं बघितलं, मग पडद्याकडं. “ते नाय. हे चालतायत.”

“तेच. माझे बाबा.”

तिनं दोन्ही हात पडद्याला लावून बघितलं. आबा आले, थांबले, वाकले, चपला हातात घेतल्या, वळसा घातला, गेले. “परत,” ती म्हणाली. मी परत लावलं. तिसऱ्यांदा ती नाक काचेला टेकवूनच बसली.

“आबा बोलतायत,” ती म्हणाली.

“नाय गं.”

“बोलतायत. तोंड बघ.”

मी बघितलं. लाखो लोकांनी चपला बघितल्या, मेंढ्या मोजल्या, खांदा मी ओळखला. वळसा घालताना दाढीतले ओठ हलत होते, हळू, पूर्ण फेरीभर. मी आवाज वाढवला. सिनेमावाल्यांनी तिथं बासरी घातलेली.

“आई,” मुक्तानं विचारलं, “आबा काय म्हणतायत?”