एक्केचाळीस हजार तीनशे अठरावं चित्र

मित्रांनो, हल्ली मला कोणी सुरू करत नाही. तरी माझी गोष्ट ऐका. मी जावा भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्रॅम आहे. व्हिडिओतून स्थिर चित्रं काढून देणं हे माझं काम. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत एका प्रोग्रॅमर ताईने आठवडाभर खपून मला लिहिलं. दर सेकंदाला मी एक चित्र उचलायचो. गिऱ्हाइकं खूश असायची आणि ताई माझं तोंडभर कौतुक करायची.

एके दिवशी एक तरुणी वडिलांना घेऊन आली. ती दोन वर्षांची असताना तिची आई वारली होती. घरातले सगळे फोटो ओल लागून खराब झाले होते. उरला होता आईनेच काढलेला चाळीस मिनिटांचा एक व्हिडिओ.

"यात आई दिसतच नाही, नुसता आवाज येतो," मुलगी म्हणाली. "मला तिचा चेहरा आठवत नाही हो, ताई."

मी दोन हजार चारशे चित्रं काढली. दुडूदुडू चालणारी पोर, हलणारे पडदे, रिकामी खुर्ची. एकदा कडेने एक हात आला. चेहरा मात्र नाहीच. आई त्याच खोलीत होती आणि मला सापडत नव्हती.

ताई एकदम म्हणाली, "अगं, एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. हा एक उचलतो आणि चोवीस सोडून देतो!"

तिने माझी एक ओळ बदलली. मी साठ हजार चित्रं काढली. दोघी तीन दिवस ती चाळत होत्या. एक्केचाळीस हजार तीनशे अठराव्या चित्रात कॅमेरा कलला होता आणि कपाटाच्या आरशात ती उभी होती. जराशी पुसट, थेट आमच्याकडे बघणारी. आधीच्या चित्रात आरशाची नुसती कड, नंतरच्या चित्रात भिंत.

"आई, तू माझ्याएवढीच होतीस गं," मुलगी पुटपुटली.

वडील मागेच उभे होते. ते म्हणाले, "कॅमेरा कायम तिच्याच हातात. 'आण इकडे, तुझा काढतो,' एवढं म्हणायचं मला कधी सुचलं नाही."

पुढे ताईला दुसरीकडे नोकरी लागली, स्टुडिओत नवं सॉफ्टवेअर आलं. माझा संगणक कोपऱ्यात धूळ खातो आहे. एक विचार मात्र माझी पाठ सोडत नाही. इतकी वर्षं मी सोडून दिलेल्या त्या चोवीस-चोवीस चित्रांत कोण कोण उभं असेल?

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांचे फोटो काढणारं कोणीतरी असेल. आजच त्यांच्या हातून कॅमेरा घ्या. त्यांना उजेडात उभं करा आणि हात स्थिर ठेवा.