तीन कानांची कढई

मित्रांनो, माझं पोट एवढं मोठं आहे की तुमच्यापैकी दोघं त्यात सहज मांडी घालून बसतील. मी बिडाची कढई आहे. कोकंद शहरात कालव्याकाठी एक चायखाना आहे, तिथे माझा मुक्काम असतो. माझ्यात ओश शिजतो. मांस, कांदा, गाजर, तांदूळ असे थरावर थर लावून केलेला पुलाव म्हणजे आमचा ओश. जन्म असो, लग्न असो की नुसता गुरुवार असो, ओशावाचून आमच्याकडे कशालाच शोभा नाही.

मला एका ओताऱ्यानं घडवलं. मोडका नांगर, फुटके तवे, कुठल्याशा फाटकाच्या बिजागऱ्या असं सगळं भंगार वितळवून त्यानं मला ओतलं. साचा फोडून बाहेर काढल्यावर त्यानं बोटाच्या पेरानं माझ्या काठावर टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि तो म्हणाला, "वाजतेय छान. ही नातवंडांनाही जेवू घालील." उचलायला मला चार कान होते. मला बनवून घेतलं ते मामासोली नावाच्या तरुणानं. त्याला चायखाना काढायचा होता. त्यानं चूल बांधली, लांब दांड्याचा झारा आणला, आणि पहिला ओश शिजायच्या आतच त्याला युद्धावर बोलावणं आलं. तो गेला. घरात उरली त्याची बायको होजार आणि कोरी करकरीत मी.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत लांबच्या जळत्या गावांतून मुलांनी भरलेली एक आगगाडी आमच्या स्टेशनात येऊन थांबली. बातमी ऐकल्याबरोबर होजारनं मला गाढवाच्या गाडीवर चढवलं. स्टेशनाच्या उतारावर चाक घसरलं, मी धाडकन दगडावर आपटले आणि माझा एक कान तुटला. होजारनं तो कान उचलून बाजूला फेकला. "कान गेला तर गेला. पोट शाबूत आहे ना? मग झालं!"

तांदूळ नव्हता. मांसाचं तर नावच नको. होत्या ज्वारीच्या कण्या, थोडं सरकीचं तेल, गाजरं, मूठभर हरभरे आणि तिच्या अंगणातल्या झाडाची बिही. बिही म्हणजे नासपतीसारखं पिवळं, लव असलेलं फळ. कच्चं खाल्लं तर तोंड आखडतं, पण शिजलं की मधासारखं होतं. होजारनं ओशाच्या रीतीनंच सगळे थर लावले आणि वर बिहीच्या फोडी मांडल्या. मुलांना तिची भाषा कळत नव्हती आणि तिला मुलांची. वास मात्र सगळ्यांना कळला. मित्रांनो, तो माझा पहिला ओश. पुढे चार वर्षं ती त्या मुलांच्या वसतिगृहात माझ्यात रांधत राहिली.

युद्ध संपलं. मामासोली परत आला, पण बोलेना. दिवसचे दिवस कालव्याकडे बघत बसायचा. एका सकाळी होजारनं माझ्याखाली जाळ केला, कांदा परतायला घेतला आणि झारा त्याच्या हातात दिला. "माझे हात दुखतात हो. तुम्ही ढवळा." तिचे हात दुखत नव्हते, हे मला ठाऊक आहे. तो ढवळू लागला. बऱ्याच वेळानं त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "मीठ?"

त्या दिवसापासून होजार पुन्हा चुलीपाशी आली नाही. आत बसून गाजरं चिरायची आणि बाहेर नवऱ्याचं कौतुक होताना ऐकायची. कौतुकही काय व्हायचं! लग्नाची तारीख आधी मामासोलीला विचारायचे, मग नवरदेवाला. त्याचा फोटो भिंतीवर लागला आणि खाली लिहिलं गेलं, 'या कढईतला पहिला ओश शिजवणारे उस्ता मामासोली.' उस्ता म्हणजे उस्ताद. पुढे त्याच्या मुलानं झारा धरला आणि त्यानंतर नातवानं.

नातू एर्गाश माणूस मनाचा चांगला, पण नव्याचा भारी सोस. त्यानं चकचकीत झाकणाची नवी कढई आणली आणि मला मागच्या तुतीखाली पालथं घातलं. दोन वर्षं माझ्या पाठीवर कोंबड्या बसत होत्या. मग कुणीतरी मला उलथून माती भरली आणि तुळशीसारखा वास येणारं रैहान लावलं. वास गोड होता, नाही म्हणत नाही. पण ज्या पोटानं मोठमोठ्या वऱ्हाडांना तृप्त केलं, त्यात मुळं वळवळायला लागली की कसं वाटतं, ते काय सांगू! मी गंजले. माझ्या अंगावर तवंगाऐवजी शेवाळ आलं.

आणि मग मुख्लिसा आली.

ती कॉलेजात इतिहास शिकत होती. 'आपल्या शहराच्या जेवणाचा इतिहास' असा विषय तिनं हौसेनं घेतला होता. रोज एका नव्या ठिकाणी जेवायचं, आचाऱ्याला प्रश्न विचारायचे आणि वहीत लिहायचं. वहीला तेलाचे एवढे डाग पडले होते की ती उन्हात धरली तर पलीकडचं दिसायचं. जेवून ती आमच्या तुतीखाली येऊन बसायची, कारण तिथे ल्योन्या-बोबो बसलेले असायचे.

बोबो म्हणजे आजोबा, जसं आपा म्हणजे ताई, अका म्हणजे दादा आणि खाला म्हणजे मावशी. पंचाऐंशी वर्षांचे, घड्याळं दुरुस्त करणारे, निळ्या डोळ्यांचे. तीन वर्षांपूर्वीच ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून इथे राहायला आले होते, पण आता सगळ्या मोहल्ल्याचे बोबो झाले होते. मुख्लिसा माझ्या काठावर वही टेकवून त्यांना वाचून दाखवायची.

"आठ ठिकाणी जेवले, बोबो. आणि आठही आचारी सांगतात की आमचा ओश अमक्या राजाच्या स्वयंपाक्यानं शोधला. आठ ठिकाणी आठ राजे!"

"राजे फार खादाड असावेत," बोबो म्हणाले.

"हसू नका हो! आमचे सर म्हणतात, वहीत राजे नकोत, माणसं आण. कुठून आणू? बरं, तुम्ही सांगा. या आठांत अस्सल ओश कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"म्हणजे?"

"मी पहिल्यांदा खाल्ला तो ओश पुन्हा कुठे मिळालाच नाही. त्यात बिही असायची."

मुख्लिसानं चटकन लिहून घेतलं. "तांदूळ कुठला? उझगेनचा लाल?"

"तांदूळ कसला, पोरी! ज्वारीच्या कण्या. मांसाचा तुकडा नाही. होजार-आपा करायची. मी आगगाडीतून उतरलो तेव्हा पाच वर्षांचा होतो. आईचं नाव विसरलो, पण ती कढई लक्षात आहे. तीन कानांची होती."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडले असते! तीन वर्षं तो म्हातारा माझ्याशेजारी बसत होता आणि माझा तुटका कान रैहानच्या पानांआड झाकलेला होता. मुख्लिसा हसली, "तीन कानांची कढई कुठे असते का, बोबो?" वही उचलायला म्हणून तिनं पानं बाजूला सारली आणि तिचा हात तिथल्या तिथे थांबला. तिनं काठावरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. चौथ्या जागी नुसता खडबडीत चट्टा.

"एर्गाश-अका!" ती अशी किंचाळली की कोंबड्या उडाल्या.

एर्गाश झारा घेऊनच धावत आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला. "ही कढई माझ्या आजोबांची. पहिला ओश त्यांनीच केला, भिंतीवर लिहिलंय. आता तू कॉलेजात जाऊन सांगणार की आमचं खोटं आहे?"

"खोटं नाही म्हणत मी, अका. पण होजार कोण?"

"माझी आजी. ती गाजरं चिरायची. बाईमाणूस मोठ्या कढईपाशी कधी उभं राहिलंय का? बोबोंचं वय झालंय, काहीतरी घोळ झाला असेल."

"वय झालंय, जीभ म्हातारी नाही झाली," बोबो शांतपणे म्हणाले.

मुख्लिसानं वही मिटली. "तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही." ती म्हणाली. मला वाटलं, संपलं. उद्या बोबो नसतील, मी भंगारात जाईन आणि होजारला ओळखणारं कुणीच उरणार नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून एर्गाशची आई, सलीमा-खाला, ओले हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"लिही गं तू," ती म्हणाली. "आणि एर्गाश, तो झारा खाली ठेव, मारायला आल्यासारखा दिसतोस. माझ्या सासूनं मला सगळं सांगितलं होतं. वर म्हणाली होती, 'सलीमा, हे असेपर्यंत बोलू नकोस. तो झारा धरून हे परत माणसात आले.' ते गेले, ती गेली, आणि मला गप्प राहायची सवयच लागली. तुझे आजोबा मोठेच होते रे. पण त्यांना मोठं कुणी केलं, ते सांगितल्यानं ते लहान होतात का?"

एर्गाशनं झारा खाली ठेवला. मग तो माझ्यापाशी बसला आणि दोन्ही हातांनी माझ्यातली माती उपसायला लागला. रैहानची रोपं त्यानं जपून डब्यात लावली, हेही सांगते. पुढचे तीन दिवस त्यानं मला वाळूनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं, मीठ भाजलं आणि चरबी चोळली. शेवटी त्याच्या आजोबांच्या चुलीवर मला ठेवून त्यानं पेरानं टकटक केलं. मी वाजले, मित्रांनो! घंटेसारखी वाजले!

त्या शुक्रवारी मोहल्ल्याचं सुगीचं जेवण होतं. सकाळपासून माणसं जमली. सलीमा-खाला झारा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि गाजराचे काप चोखंदळपणे बघत एर्गाशला म्हणाली, "जाड झालेत. तुझ्या आजीनं तुला चिरायलाही उभं केलं नसतं."

"शिकव मग!" एर्गाश म्हणाला. सगळे हसले, पण कढईपाशी बाई उभी आहे म्हणून कुणीही हसलं नाही. मुख्लिसानं कण्या मोजून घातल्या. तिला सगळं लिहून घ्यायचं होतं, पण वाफेनं चष्मा धुरकटायचा आणि ती लिहिण्याऐवजी ढवळत सुटायची. "ढवळू नकोस गं! थर मोडतील!" खाला ओरडायची. शेवटी बिहीच्या फोडी मांडल्या आणि झाकण ठेवलं.

झाकण निघालं तेव्हा पहिलं ताट बोबोंना दिलं. त्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. सगळा मोहल्ला त्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. ताट पुसून खाल्ल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"तोच आहे का हो, बोबो?" मुख्लिसानं हळूच विचारलं.

"तेव्हा मी कधी दुसऱ्यांदा मागितलं नाही," बोबो म्हणाले. "वाटायचं, मी मागितलं तर मागच्या पोराला उरणार नाही." आणि त्यांनी ताट दोन्ही हातांनी पुढे केलं. "आज वाढ."

एर्गाशनं ते एवढं भरलं की ओश काठावरून सांडला. मग कुणीतरी डफ काढला, आणि पंचाऐंशी वर्षांचे बोबो दोन ताटं खाऊन सलीमा-खालाबरोबर नाचले. मुख्लिसाचा निबंध कॉलेजात वाचला गेला. त्यात एकही राजा नव्हता. तिचे सर पुढच्याच गुरुवारी जेवायला आले आणि त्यांनीही दोनदा मागून घेतलं. भिंतीवर मामासोलीच्या फोटोखालची ओळ एर्गाशनं स्वतः बदलली. होजारचा फोटो कुणाकडेच नाही, म्हणून तिथे नुसतं तिचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माळ्यावर, परसात एखादं जुनं भांडं पडलं असेल. त्याला साबणानं खरवडू नका. गरम पाण्यानं धुवा, तेलाचं बोट फिरवा, कोरडं ठेवा. बिड रुसतं, पण मरत नाही. भांडं मात्र वाट पाहतं, त्यात रांधणारी माणसं तेवढी थांबत नाहीत. म्हणून आज जेवून उठायच्या आधी विचारा, हे कुणी केलं, कुणाकडून शिकलात, पहिल्यांदा कधी केलंत? उत्तर लांबलं तर लांबू द्या. हात वाळले तरी बसून राहा.

आता मला रजा द्या. उद्या लग्न आहे, तीनशे पानं उठायची आहेत. खालानं तेल ओतलं आहे, आणि पहिला कांदा पडायच्या वेळी मला गप्पा मारलेल्या चालत नाहीत.