सरिताचं ऊन

नागपूरच्या बेसा भागात धम्मानंद गजभियेच्या गच्चीवर एक थर्मामीटर होता आणि परदेशात कुठेतरी एक सर्व्हर होता. दोन्ही सरितानं लावलेले. सरिता म्हणजे त्याची बायको. शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून सर्व्हर भाड्यानं घेतला. दुसऱ्याच्या इमारतीत आपल्यासाठी चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर, असं तिनं त्याला समजावलं होतं. धम्मानंद वीज खात्यात लाइनमन होता. त्यानं पहिलं विचारलं, लाइट गेली तर काय करतात.

गच्चीवरचं तापमान त्या सर्व्हरवर जायचं आणि 'बेस्याचं ऊन' नावाच्या पानावर दिसायचं. खाली सरिता रोज एक ओळ लिहायची. 'आज ४५. कुलरनं हात टेकले.' 'नवतपा लागला, आता नऊ दिवस आग. वाळवण घाला, स्वतः वाळू नका.' 'आज ४६. हे म्हणतात मीटर चुकलं. मीटर बरोबर आहे.' पान पाहणारे चार-पाच जण. त्यात शेजारच्या सिंधूताई, त्याही आपल्या गच्चीवर ऊन जास्त पडतं हे सांगायला.

गेल्या दिवाळीच्या आधी सरिता गेली. आकडे येत राहिले, खाली ओळ नसायची. धम्मानंद रोज सकाळी चहा घेताना मागच्या वर्षीची त्याच तारखेची ओळ वाचायचा. एकच. पुढची वाचायची नाही. डब्यातले लाडू पुरवून खावेत तसं त्यानं ठरवलं होतं.

मे महिन्यात सर्व्हरवाल्या कंपनीची मेल आली. तुमच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलं आहे आणि तिथून जगभर केस उगवायच्या गोळ्यांच्या जाहिराती पाठवतं आहे. शनिवारपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर आम्ही सर्व्हर बंद करून पुसून टाकू. धम्मानंदनं डोक्यावरून हात फिरवला. तिथे केस जाऊन वीस वर्षं झाली होती.

त्यानं उन्मेषला फोन लावला. उन्मेष सरिताचा जुना विद्यार्थी, आता मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरीला, दोन पोरींचा बाप. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पासवर्ड काय ठेवला होता ते विचारलं. सरिताचा पासवर्ड लांबलचक होता, धम्मानंद दरवेळी चुकायचा, म्हणून संक्रांतीच्या सुमारास त्यानं तो सोपा करून घेतला होता.

"सरिता. पुढे एक-दोन-तीन."

उन्मेष म्हणाला, "काका, एक-दोन-तीन तरी काहून लावलं? बिचाऱ्या चोराले उगाच मेहनत."

शनिवारी सकाळी येऊन तो सर्व्हर पुसून नव्यानं मांडून देणार होता. तोवर काकांनी दोनच कामं करायची. आधी मॅडमच्या ओळी लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या. मग सर्व्हरची दारं बंद करायची. दारं पुष्कळ असतात, पण उघडी दोनच ठेवायची, एक पान दिसायला आणि एक आपण आत जायला. सगळं त्यानं नंबर टाकून व्हॉट्सअॅपवर पाठवलं.

शुक्रवारी दुपारी जेवण करून धम्मानंद बसला. क्रम वाचला आणि त्याला तो पटला नाही. पोलवर चढायच्या आधी सप्लाय बंद. चालू लाइनीला हात लावणारा पेन्शन घ्यायला येत नाही. घरात चोर असताना भांडी काय आवरत बसायची? त्यानं दुसरं काम पहिलं घेतलं, आणि दोन दारं तरी उघडी कशाला म्हणून सगळीच बंद करायला सांगितली. स्क्रीननं विचारलं, यानं तुमचंही कनेक्शन तुटू शकतं, करू का? असल्या पाट्यांना लाइनमन भीत नाही. त्यानं हो म्हटलं.

त्यानंतर एकही अक्षर उमटेना. सगळी दारं लागली होती, आणि धम्मानंद ज्या दारात उभा होता तेही लागलं होतं. चोर बाहेर, धम्मानंद बाहेर, सरिताच्या ओळी आत.

उन्मेषनं फोनवर एवढंच म्हटलं की काका, मी नंबर टाकून पाठवलं होतं. मग त्यानं आणखी एक वाट सांगितली. कंपनीच्या वेबसाइटवर मॅडमच्या खात्यातून गेलं, तर त्या कॉम्प्युटरच्या पुढ्यातच बसल्यासारखं होतं. खात्याचा पासवर्ड लॅपटॉपला पाठ होता. पण आत जाताना कोड मागितला. सरिताचं सिम रिचार्जवाचून केव्हाच बंद पडलेलं. तेव्हा कोड दुसऱ्या नंबरवर गेला, शेवटी सत्त्याहत्तर. हा नंबर कोणाचा, धम्मानंदला आठवेना.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून सिंधूताई दिसल्या, हातात फोन. आपल्याला इंग्रजीत ओटीपी येऊन राहिला, कॉलनीत चोर फिरून राहिले, असं त्या सांगू लागल्या.

"तो माहाच आहे ताई. आकडा सांगा."

सिंधूताईंनी फोन पदराखाली घेतला. "ओटीपी कोणाले सांगत नसतात."

"मी कोणी आहो का? वीस वर्षं झाली शेजारी राहून."

"ओळखीचेच फसवतात गा भाऊ. पोरानं बजावलं मले."

धम्मानंदनं सर्व्हर, चोर, गोळ्या, सगळं सांगितलं. केसांच्या गोळ्या म्हटल्यावर सिंधूताईंनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि त्यांचा संशय वाढला.

"सरितानं माहा नंबर देल्ला तवाच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "घराची चावी बी माह्यापाशीच ठेवे ना ते. म्हणे, कोड आला तर मलेच दे. यांच्या हाती देऊ नको. हे आधी मेन स्विच पाडतात, मंग विचारतात काय चालू होतं."

धम्मानंदचा हात भिंतीवर होता. भिंत तव्यासारखी तापली होती, तरी त्यानं हात काढला नाही.

"खरं सांगतलं तिनं," तो म्हणाला. "पाडला मी. तिचं लिहिलेलं आत अडकलं ताई. उद्या पुसून टाकतीन."

"कोणतं? ते उन्हाचं?"

"हो."

सिंधूताई आत गेल्या आणि चपला घालून फाटकातून आल्या. आकडा सांगणार नव्हत्याच, स्वतः दाबणार होत्या. सरिताच्या खुर्चीवर बसून त्यांनी धम्मानंदला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि एका बोटानं कोड दाबला. तोवर तो शिळा झाला होता. दुसरा मागवला, तो चुकला. तिसऱ्याला आत गेल्या.

आता उन्मेष फोनवरून प्रत्येक कामाचा नंबर धम्मानंदकडून मोठ्यानं म्हणवून घेत होता. आधी एक दार उघडलं. मग ओळी उतरवल्या. सगळ्या आल्या. सिंधूताई मात्र उठेनात. आपलं नाव कुठे आहे ते शोधू लागल्या आणि सापडल्यावर वाचलं, 'आज ४४. सिंधूताई म्हणतात त्यांच्याकडे अर्धा जास्त. त्यांचं मीटर कपाळावर आहे.'

"थांबा, ते उद्याचं आहे," धम्मानंद म्हणाला.

"उद्याचं आज वाचलं तं काय होते?" असं म्हणून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मोठ्यानं, आणि हसता हसता डोळे पुसले. धम्मानंदही हसला. दिवाळीपासूनचं ते पहिलंच हसू असावं.

शनिवारी उन्मेषनं सर्व्हर पुसून नव्यानं मांडला. लांब पासवर्ड, दोनच दारं. कोडसाठी काकांचा नंबर टाकू का, असं त्यानं विचारलं. धम्मानंद म्हणाला, नको, भिंतीपलीकडचाच राहू दे.

तो गेल्यावर धम्मानंद पान उघडून बसला. वाचायला आज काही नव्हतं, ते कालच वाचून झालं होतं. आकड्याखाली रिकामी चौकट होती. त्यानं हळूहळू लिहिलं, 'आज ४५. काल मेन स्विच पाडला. सिंधूताईंनी चालू केला.'

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून आवाज आला की त्यांच्याकडे साडेपंचेचाळीस आहे.

धम्मानंदनं पुढे लिहिलं, 'मीटर बरोबर आहे.'