भागीरथीची पावलं

वैशाखाचं ऊन. शुभ्र, स्तब्ध, निष्ठुर ऊन. दूरवर धरणाचं नीलजल लखलखत होतं आणि त्या जलाच्या तळाशी जुनं आंबेखोल निजलं होतं. काठावर वसवलेलं नवं आंबेखोल सिमेंटचं, पत्र्याचं, एका ओळीत उभं केलेलं.

त्या ओळीतल्या शेवटच्या अंगणात अंबुजा उकिडवी बसली होती. तंजावरची अंबुजा, शाळेत चित्रकला शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. तीस वर्षं पोरींना रेघ शिकवणाऱ्या बाईची आज रांगोळीच्या चिमटीवर परीक्षा होती.

आज अक्षय्यतृतीया. आज सांजेला चैत्रगौर जाणार, आणि त्याआधी पितरांच्या नावाने पाण्याचा घडा भरला जाणार. त्या घड्यावर वडिलांचं, सेतुरामरावांचं नाव उच्चारलं जावं, एवढ्यासाठी ती दोन दिवस, दोन रात्री प्रवास करून आली होती.

पाच पिढ्यांपूर्वी, जुन्या आंबेखोलात, याच घराने एका गर्भार सुनेला उंबऱ्याबाहेर काढलं होतं. भागीरथी तिचं नाव. ती दक्षिणेला गेली, कावेरीकाठी बाळंत झाली, आणि त्या लेकराला इथल्या कुणी कधी आपलं म्हटलं नाही. आपल्याला गोत्र आहे, दार नाही, असं म्हणत सेतुरामराव गेले.

घड्यावर नाव घेण्याचा मान थोरल्या सुनेचा. थोरली सून म्हणजे द्वारकाकाकू, सत्तरीची, शब्दाला सुपारीसारखी कठीण. धरणापायी गाव उठलं, मोबदल्याच्या जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हापासून ‘आम्हीही तुमचेच’ म्हणत येणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. अंबुजाने पुढे केलेल्या वंशावळीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

“कागद कुणीही आणतं,” त्या म्हणाल्या. “या घराचं चैत्रांगण काढून दाखव.”

स्वतःचं चैत्रांगण त्यांनी पहाटेच पुसून टाकलं होतं. नक्कल करायची सोयच ठेवली नव्हती.

अंबुजा काढत गेली. गौरीचा झोका काढला, शंख काढला, चक्र काढलं. कासव, तुळस, गोपद्मं. आईने सासूकडून घेतलेली, सासूने तिच्या सासूकडून घेतलेली रेघ शुभ्र होऊन सरकत राहिली. शेजारणी कुंपणाशी जमल्या. काकू खांबाला टेकून उभ्या, डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

उरली लक्ष्मीची पावलं. आणि तिथे अंबुजाचा हात थबकला.

साऱ्या जगाची लक्ष्मी घरात येते. अंबुजाच्या घरची बाहेर जाते. बोटं रस्त्याकडे, टाच उंबऱ्याकडे, अशीच पावलं हे घराणं पिढ्यानपिढ्या काढत आलं होतं. तंजावरात बायका हसायच्या, लक्ष्मीला हाकलणारी माणसं म्हणायच्या. आज येताना तिने दारोदारचं अंगण निरखलं होतं. सगळीकडे पावलं आत वळलेली.

मनगट जरासं फिरवलं की झालं. कुणाला कळणार होतं? उलटी काढली तर सणाच्या दिवशी अपशकुन, आणि बाबांचं नाव कायमचं उन्हात.

पण खोट्या पावलांनी बाबांना आत कसं न्यायचं? तिने चिमूट भरली आणि पाऊल काढलं. बोटं रस्त्याकडे, टाच उंबऱ्याकडे. एक पाऊल, दुसरं पाऊल, फाटकापर्यंत.

कुंपणाशी कुजबुज झाली.

“आमच्यात अशीच काढतात,” अंबुजा खालच्या मानेने म्हणाली.

मग काकू फाटकाशी आल्या. गुडघे धरून, कण्हत खाली बसल्या.

“आमच्या अंगणात पावलं काढतच नाहीत,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंनी मला हात धरून थांबवलं होतं. म्हणाल्या, पावलं भागीरथी घेऊन गेली.”

रांगोळीची वाटी त्यांनी आपल्याकडे ओढली. शेवटच्या पावलाशेजारी एक पाऊल उमटलं, बोटं उंबऱ्याकडे वळलेलं. मग दुसरं. बसल्या बसल्या सरकत, धापा टाकत, काकू उंबऱ्यापर्यंत पोचल्या. सवय नसलेल्या हाताची ती पावलं वेडीवाकडी होती.

“वडिलांचं नाव सांग,” त्या म्हणाल्या. “घडा भरायचाय.”

“सेतुराम,” अंबुजा रडत म्हणाली.

सांज झाली. गौर गेली. रिवाजाप्रमाणे झोका पुसला, शंख पुसला, चक्र पुसलं. पावलांची एक ओळ जाणारी, एक ओळ येणारी. पावलं तेवढी काकूंनी राहू दिली.