डाव्या सीटवरचा ब्रेक

खोपटच्या डेपोत एकतीस वर्षं एसटीचे ब्रेक दुरुस्त करून जगन निवृत्त झाला, तेव्हा डेपोने त्याला शाल-श्रीफळ दिलं आणि घरच्यांच्या वाट्याला आलं त्याचं व्याख्यान. गाडीतला एखादा भाग जिथे आहे तिथेच का आहे, हे ज्याला सांगता येत नाही त्याने स्टिअरिंगला हात लावू नये, असं त्याचं ठाम मत होतं. या मतापायी त्याच्या बायकोचं, कांताचं, लायसन आठ महिने साड्यांच्या घडीत पडून होतं.

मग जगनच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. नेमकं तेव्हाच कल्याणला कांताच्या थोरल्या बहिणीचं, मायाताईचं, डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. रिक्षाने घरी येईपर्यंत तिचा जीव अर्धा होई.

"सोमवारपासून मी नेणार तिला," कांता म्हणाली.

"आधी परीक्षा," जगन म्हणाला.

रविवारी सकाळी वर्तकनगरच्या त्यांच्या कॉलनीत बॉनेट उघडून तोंडी परीक्षा सुरू झाली. काळा चष्मा लावलेला परीक्षक कमरेवर हात ठेवून उभा होता.

"ब्रेक ऑइलची डबी ड्रायव्हरच्याच बाजूला का?"

"पेडल तिथे आहे म्हणून. पायाचा जोर सरळ तिच्या खालच्या पंपात जातो."

"पुढचे ब्रेक मोठे का?"

"थांबताना गाडीचा सगळा भार पुढे येतो. मटण केलं की तुम्ही ताटावर येता ना, तसा."

हा दाखला जगनला मुळीच आवडला नाही, पण मार्क कापायला जागा नव्हती.

"ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर शेजारीशेजारी का?"

"एकाच पायाने दाबायचे म्हणून. पळणं आणि थांबणं एकदम नको. आता माझा प्रश्न. डाव्या सीटपुढे ब्रेक का नसतो?"

"ती काय ब्रेकची जागा आहे?"

"ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत होता की, सरांच्या पायाशी."

"क्लासचं वेगळं!" म्हणत जगनने धाडकन बॉनेट लावलं. एकतीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

गाडी घोडबंदर रोडला लागली. कांता छान चालवत होती. जगनला ते दिसत होतं, पण त्याच्या उजव्या पायाला दिसत नव्हतं. रिक्षा आडवी आली की तो पाय धप्पकन खाली आपटे. बस आली की धप्प. लांबवर कुत्रं नुसतं उठून उभं राहिलं तरी धप्प. मुलगा राजरत्न पुण्याला जाण्याआधी गाडी चालवायचा, तेव्हाच या पायाने डावीकडच्या मॅटला टाचेखाली भोक पाडलं होतं.

मानपाड्याच्या पुढे सिग्नल हिरवा होता आणि रस्ता मोकळा. कडेला स्टॉपवर एक बस उभी होती. ती आता निघणार असं जगनला उगाच वाटलं.

"अगं ए!" आणि धप्प.

कांताने दचकून करकचून ब्रेक मारला. मागून टायर घासल्याचा आवाज आला. एक टेम्पो अगदी वीतभर अंतरावर थांबला.

"ओ मावशी, ग्रीन आहे ना! मधेच कायको थांबली?" टेम्पोवाला ओरडून निघून गेला.

कांताने गाडी कडेला घेतली. तिने हँडब्रेक ओढला.

"समोर काय होतं हो?"

"काही नाही," जगन म्हणाला.

"मग मी थांबले का? रस्त्याकडे बघतच नव्हते मी. तुमच्या पायाकडे बघत होते. उद्या मागे ताई झोपलेली असेल."

जगनने पाय मागे ओढला. तो मनापासून घाबरला, आणि त्याहून जास्त त्याला स्वतःची लाज वाटली. बिघाड शोधण्यात डेपोत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आज बिघाड डाव्या सीटवर बसला होता आणि तो शोधला बायकोने.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं," तो हळूच म्हणाला. "थांबायचं कधी, ते एकानेच ठरवायचं असतं."

"पास मी?"

"पास. मी बसने येतो घरी. तू जा."

"डोळ्यात धूळ घालून घ्यायचीय का? पाय वर घ्या आणि गप बसा."

जगन चपला काढून, पट्टा लावून, सीटवर पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून वर्तकनगरपर्यंत आला. वाटेत दोनदा गुडघा हलला. कांताने बघितलं नाही.

सोमवारी ती एकटी निघाली. मागच्या सीटवर तिने ताईसाठी उशी आणि चादर ठेवली होती. जगन गेटपर्यंत आला, आणि कधी नव्हे ते एकही सूचना न देता उभा राहिला. गाडी कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरजवळ पोहोचली. मागचे लाल दिवे लागले, गाडी अलगद चढली, उतरली आणि वळून दिसेनाशी झाली.

वॉचमन नाथा जगनच्या पायांकडे बघत होता. उजवी चप्पल मातीत चांगली रुतली होती.

"काका, लागला का ब्रेक?"

जगनने पाय उचलला, चप्पल झटकली.

"तिने लावला," तो म्हणाला.