अकरावा कागद

आमच्या कलाशाळेत रफसुद्धा फेअर करून द्यावं लागतं. हसू नका, तसा नियमच आहे. शेवटच्या वर्षाला एका गोष्टीसाठी एक चित्र काढायचं आणि पहिल्या रेघोटीपासून शेवटच्या रंगापर्यंतचे सगळे टप्पे फायलीत लावायचे. मग सगळे काय करतात, तर आधी चित्र पूर्ण करतात आणि नंतर निवांत बसून त्याची छान छान कच्ची स्केचेस बनवतात. पोर चालायला लागल्यावर त्याला पुन्हा रांगायला लावून फोटो काढावा, तसं. सरांना हे माहीत आहे आणि चालतं. त्यांच्या खिशात कायम एक पांढराशुभ्र खोडरबर असतो, म्हणून आम्ही त्यांना खोडरबर म्हणतो. अर्थात पाठीमागे.

माझी गोष्ट होती नजर गेलेल्या एका शिंपिणीची, जी नुसत्या हाताच्या सवयीवर शिवते. माझे बाबा शिंपी, त्यामुळे शिवणारे हात मला पाठ होते. कागदही त्यांच्याच दुकानातले, कटिंग करून झालेल्या खाकी कागदांची मागची बाजू. हात जमले, चेहरा काही जमेना. डोळे मिटलेले काढले तर बाई झोपल्यासारखी वाटे, उघडे काढले तर तिला सगळं दिसत असल्यासारखं. दहा कागद वाया गेले. अकराव्यावर इतकं खोडलं, की चेहऱ्याच्या जागी कागदच फाटला. वैतागून तो टेबलावर आपटला आणि बघते तर भोकातून खालचा पांढरा कागद दिसत होता. खाकी बाई, खाकी हात आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं. मला हवी होती ती हीच बाई. पुढचे तेरा कागद ते पांढरं कुठे थांबवायचं हे शोधण्यात गेले. मग शाई, मग रंग. चेहरा मी रंगवलाच नाही.

खोडरबरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "फिनिश उत्तम आहे. वार्षिक प्रदर्शनात लावू," ते म्हणाले. मग त्यांनी फाइल उघडली. "आणि हे काय?"

"रफ आहे, सर."

"ही रद्दी आहे. सोमवारपर्यंत पांढऱ्या कागदावर फेअर करून आण. नाहीतर टप्प्यांचे गुण शून्य आणि चित्र भिंतीवर नाही."

मला ते चित्र भिंतीवर हवं होतं, खोटं कशाला बोलू? बाबांनी माझी शाळा आतून कधी पाहिली नव्हती. प्रदर्शनाला यायचं म्हणून, जन्मभर दुसऱ्यांचे शर्ट शिवणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी एक शर्ट शिवायला घेतला होता.

सरांचं म्हणणं सांगितल्यावर बाबांनी त्यांचीच बाजू घेतली. "बरोबर आहे त्यांचं. कच्चे टाके काढल्याशिवाय आपण गिऱ्हाइकाला कपडा देतो का?"

"बाबा, ते कच्चे टाकेच मागतायत. आणि म्हणतायत, मशीनवर घालून आणा."

बाबांनी मान वर केली. "मशीनवर? मग ते कच्चे कसे?"

"तेच तर."

तरी रविवारी दुपारी मी मुकाट्याने बसले. दहा कागद नेटके झाले. अकराव्यावर चेहऱ्याच्या जागी कंपासने गोल आखला आणि ब्लेडने भोक कापायला घेतलं. कड नीट यावी म्हणून श्वास रोखून कापत होते. अर्धं झालं आणि मला माझीच शिसारी आली. चुकून पडलेलं भोक मी मोजूनमापून पाडत होते. सगळे पांढरे कागद फाडून टाकले.

सोमवारी तीच खाकी फाइल सरांपुढे ठेवली. "शून्य लिहा, सर."

त्यांनी लिहिलं, अगदी वळणदार. मी ताठ मानेने बाहेर आले आणि जिन्यात बसून रागाने रडले. बाबांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

प्रदर्शनाला ते नवा शर्ट घालून आले. सगळ्या भिंती बघून झाल्यावर म्हणाले, "तुझं कुठाय?"

मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "आण ती फाइल."

व्हरांड्यात त्यांनी एकेक कागद पाहिला. अकराव्यापाशी थांबले, भोकात बोट घालून बघितलं, मग कागद उलटला. मागे त्यांच्याच खडूने कुठल्याशा बाहीची मापं लिहिलेली होती.

"किती आहेत?"

"चोवीस. आणि चित्र."

त्यांनी नव्या शर्टाच्या खिशातून टाचण्यांची डबी काढली. समोरचा नोटीस बोर्ड रिकामाच होता.

अकरावा कागद लागेपर्यंत मागे दहाबारा जण जमले होते. त्यांना बाजूला सारत खोडरबर पुढे आले. "हे इथे लावायला कोणी सांगितलं?"

कामाला लागले की बाबा टाचण्या ओठांत धरतात, त्यामुळे त्यांना बोलता येईना. त्यांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या कागदासाठी हात पुढे केला.

"मी सांगितलं, सर," मी म्हणाले आणि बारावा कागद बाबांच्या हातात दिला.